‘लूड’ या इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषांतराचं काम करताना काही शब्द पुन्हा पुन्हा वाट अडवतात. ‘लूड’ (lewd) हा त्यांतला एक. शब्दकोश त्याच्यापुढे ‘अश्लील, कामुक, लंपट’ असे तीन शब्द ठेवतो आणि गप्प बसतो. ते तिन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे वाक्य लिहायला बसल्यावरच कळतं. विद्यार्थी, नवे भाषांतरकार आणि तक्रारअर्ज लिहून घ्यायला येणारी माणसं मला या शब्दाविषयी जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

‘लूड’ म्हणजे नेमकं काय?

लैंगिक गोष्ट उघडपणे, ओंगळ रीतीने आणि समोरच्याची पर्वा न करता मांडणारं बोलणं, हावभाव, चित्र किंवा वागणं. यात तीन गोष्टी एकत्र येतात: विषय लैंगिक आहे, तो झाकलेला नाही, आणि बोलणाऱ्याला तो असभ्य वाटतो. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ‘लूड’ हे नुसतं वर्णन नसतं, त्यात नापसंती भरलेली असते. वैद्यकाच्या पुस्तकात नग्न शरीराचं चित्र असतं, त्याला कोणी लूड म्हणत नाही. बसथांब्यावर उभ्या असलेल्या बाईकडे बघून एखाद्याने हाताने केलेली खूण मात्र लूड असते, मग त्याने अंगभर कपडे घातलेले का असेनात.

उच्चार ‘लूड’ की ‘ल्यूड’?

आज बहुतेक जण ‘लूड’च म्हणतात, ‘फूड’ आणि ‘रूड’शी यमक जुळेल असा. जुन्या वळणाच्या ब्रिटिश उच्चारात ‘ल्यूड’ ऐकू येतो. दोन्ही चालतात.

मराठीत त्याला एकच शब्द सांगा ना.

नाही सांगता येणार. पण निवड कशी करायची ते सांगते.

बोलणं, हावभाव, चित्र, संदेश यांच्याबद्दल असेल तर ‘अश्लील’. माणसाबद्दल असेल तर ‘लंपट’. नजरेबद्दल असेल तर ‘वखवखलेली’. ‘अश्लील नजर’ कोणी म्हणत नाही, कानाला खटकतं. गाणी-विनोदांबद्दल असेल आणि सूर तिरस्काराचा असेल तर ‘अचकट-विचकट’ किंवा ‘हिडीस’. ‘कामुक’ शक्यतो टाळा. कामुक हे सुंदरही असू शकतं, शृंगारकाव्य कामुक असतं. लूडमध्ये सौंदर्याला जागा नाही.

आणि ‘चावट’? चावटपणात लाड आहे, खोडकरपणा आहे, ऐकणाराही हसतो. इंग्रजीत त्याच्या जवळ ‘बॉडी’ हा शब्द येतो. शरीर नव्हे, ‘बॉड’ म्हणजे कुंटीण, त्या शब्दापासून झालेला, मोकळ्याढाकळ्या शृंगारिक विनोदासाठी वापरतात तो. एखाद्या छळाच्या तक्रारीतल्या ‘लूड’ला मराठीत ‘चावट’ म्हटलं, की त्रास झालेल्या बाईच्या म्हणण्यातली हवाच काढून घेतल्यासारखं होतं. ही चूक मी बऱ्याचदा पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी ती मला खुपते.

हा शब्द आला कुठून?

या शब्दाची खरी गोष्ट इथे सुरू होते, आणि ती ऐकली की तो कायमचा लक्षात राहतो.

जुन्या इंग्रजीत ‘लॅवेदे’ असा शब्द होता. त्याचा लैंगिकतेशी काडीचाही संबंध नव्हता. त्याचा अर्थ ‘धर्मगुरू नसलेला, साधा संसारी माणूस’. तो जुन्या इंग्रजीच्याही मागे कुठून आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही; काही जण त्याचा संबंध लॅटिन ‘लायकुस’शी, म्हणजे ‘सामान्य जनांपैकी’ या अर्थाच्या शब्दाशी जोडू पाहतात.

त्या काळात वाचता-लिहिता यायचं ते मुख्यतः चर्चच्या माणसांना. म्हणून ‘धर्मगुरू नसलेला’ म्हणजे ‘लॅटिन न येणारा’, आणि त्यातूनच ‘न शिकलेला’. मध्ययुगीन इंग्रजीत ‘लेरेड आणि लेवेड’ अशी जोडगोळी सर्रास सापडते: शिकलेले आणि न शिकलेले, म्हणजेच सगळे लोक. आपण ‘लहानथोर’ म्हणतो तसं.

रॉबर्ट मॅनिंग नावाच्या इंग्रज धर्मव्रतीने १३०३ साली एका पद्यग्रंथाला हात घातला. त्याच्या सुरुवातीला तो सांगतो की हे पुस्तक मी ‘लूड’ माणसांसाठी इंग्रजी भाषेत करायला घेतलं आहे. आजच्या अर्थाने वाचलं तर केवढा अनर्थ! त्याला म्हणायचं होतं एवढंच, की ज्यांना लॅटिन-फ्रेंच येत नाही त्यांनाही हे कळावं. मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. संस्कृत न येणाऱ्यांसाठी गीतेवर मराठीत लिहिलेली ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. दोन दूरच्या भाषांत, जेमतेम १३ वर्षांच्या अंतराने, तीच कळकळ.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरही हा शब्द याच अर्थाने वापरतो. त्याच्या कँटरबरीच्या यात्रेकरूंमध्ये एक गरीब, सच्चा पाद्री आहे. त्याचं म्हणणं असं: सोनंच गंजलं तर लोखंडाने काय करावं? ज्याच्यावर आपण विश्वास टाकतो तो पाद्रीच बिघडला तर ‘लूड’ माणूस गंजला यात नवल काय? इथे लूड म्हणजे गावातला साधा माणूस. शिव्या खायची वेळ आलीच तर ती पाद्र्यावर येते.

मग ‘अडाणी’चा ‘अश्लील’ कसा झाला?

हळूहळू, आणि वरून खाली बघणाऱ्यांच्या तोंडी.

पायऱ्या साधारण अशा: धर्मगुरू नसलेला, मग न शिकलेला, मग असंस्कृत, मग हलका आणि दुष्ट, शेवटी लंपट. लंपटपणाचा अर्थ चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच दिसतो, पण तो एकटा उरायला पुढे काही शतकं गेली. तोवर हे सगळे अर्थ शेजारी शेजारी नांदत होते.

यात शब्दाचा दोष काही नाही. लिहिणारे शिकलेले होते आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं ते न शिकलेले. जे जे आपल्याला नको, घाण, वासना, बेतालपणा, ते सगळं दुसऱ्याच्या खाती टाकून मोकळं व्हायचं, ही सवय इंग्रजीत जागोजागी दिसते. ‘व्हिलन’ हा मुळात जमीनदाराच्या वाड्यावर राबणारा शेतकरी. ‘व्हल्गर’ म्हणजे सर्वसामान्य लोकांचं. ‘बूर’ हाही शेतकरीच. तिघांनीही कष्टाशिवाय काही केलं नव्हतं.

आपल्याकडे वेगळं घडलं असं समजू नका. ‘ग्राम्य’ हा शब्द घ्या. ग्रामातलं ते ग्राम्य, इतका सरळ अर्थ. पण अमरकोशात ‘ग्राम्य’ आणि ‘अश्लील’ हे एकमेकांना लागून, एकाच अर्थाचे म्हणून येतात. संस्कृतात ‘ग्राम्यधर्म’ म्हणजे तर चक्क मैथुन. मराठीत अजूनही ‘ग्राम्य विनोद’ म्हटलं की तो गावातला विनोद नसतो, कंबरेखालचा असतो. ‘लूड’ आणि ‘ग्राम्य’ एकमेकांना कधी भेटले नाहीत, तरी दोघांची वाट एकच. ‘लूड’चा इतिहास मराठी माणसाला समजावून सांगायला याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही.

जुन्या इंग्रजी पुस्तकात हा शब्द आला तर काय करायचं?

थांबायचं. आजचा अर्थ लगेच लावायचा नाही.

एक उदाहरण जवळून बघू. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये, प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७, ओवी ५. थेस्सलनीका शहरात ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल याचे विरोधक काही माणसं गोळा करतात, जमाव जमवतात, शहरात दंगा माजवतात आणि पौलाचा यजमान यासोन याच्या घरावर चालून जातात. या माणसांना इंग्रजीत ‘हलक्या थरातले लूड इसम’ म्हटलं आहे. आता इथे ‘कामांध इसम’ असं भाषांतर केलं तर प्रसंगाचा बोजवारा उडतो. ते कोणाच्या वासनेने आलेले नाहीत, गोळा केलेले दंगलखोर आहेत. मूळ ग्रीकमध्ये शब्द आहेत ‘दुष्ट’ आणि ‘बाजारात रेंगाळणारे’. मराठीत त्यांच्यासाठी अगदी तयार शब्द आहे: बाजारबुणगे. ‘लूड’चा अर्थ बदलल्यावर नंतरच्या इंग्रजी भाषांतरांनी तिथे ‘दुष्ट’ अशा अर्थाचा शब्द घातला, तो योग्यच.

दुसरं उदाहरण इंग्रज कवी मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्याचं, १६६७ मधलं. सैतान नंदनवनाच्या भिंतीवरून आत उडी मारतो तेव्हा मिल्टन म्हणतो की पुढे देवाच्या चर्चमध्येही ‘लूड’ भाडोत्री असेच चढून शिरले. रोख पैशासाठी धर्मसेवा करणाऱ्या पाद्र्यांवर आहे. जो शब्द ‘पाद्री नसलेला’ म्हणून जन्माला आला, तो इथे पाद्र्यांच्याच अंगावर फेकलेला आहे.

ढोबळ नियम हवा असेल तर हा: १७०० च्या आधीच्या मजकुरात ‘लूड’ दिसला तर ‘अडाणी’, ‘हलका’, ‘दुष्ट’, ‘लंपट’ हे चारही अर्थ लावून पाहा आणि आजूबाजूच्या वाक्यांना ठरवू द्या.

‘लसिव्हिअस’ म्हणजे तेच ना?

जवळचं आहे, पण तेच नाही. ‘लूड’ बाहेर दिसतं, ‘लसिव्हिअस’ आत असतं. लूड म्हणजे केलेली खूण. लसिव्हिअस म्हणजे त्या खुणेमागची वासना, किंवा ती चाळवणारी गोष्ट.

याचं मूळ लॅटिन ‘लास्किवुस’, आणि तिथे तो चांगला खेळकर शब्द होता. रोमन कवी व्हर्जिलच्या एका गोपगीतात सिंहीण लांडग्याच्या मागे, लांडगा बकरीच्या मागे आणि ‘लास्किवा’ बकरी फुललेल्या झुडपाच्या मागे लागते. बागडणारी बकरी, एवढंच. पंधराव्या शतकात शब्द इंग्रजीत आला तो मात्र वासनेचा अर्थ घेऊनच. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड सुरुवातीच्याच भाषणात म्हणतो की युद्धच आता बाईच्या दालनात ल्यूट या तंतुवाद्याच्या ‘लसिव्हिअस’ सुरांवर थिरकतं आहे.

मराठी वाचकासाठी यात एक भेट आहे. भाषाशास्त्रज्ञ या लॅटिन शब्दाला आणि संस्कृत ‘लस्’ धातूला एका कुळातले मानतात. म्हणजे लालसा, विलास आणि उल्लास हे आपले तिघेही ‘लसिव्हिअस’चे दूरचे नातेवाईक. इंग्रजी ‘लस्ट’ही त्याच घरातला.

‘लस्ट’ वाईट, मग ‘लस्टी’ चांगलं कसं?

कारण जुन्या इंग्रजीत ‘लस्ट’ म्हणजे नुसता आनंद, इच्छा. जर्मनमध्ये अजूनही तसंच आहे; ‘मला चहाची लुस्ट आहे’ म्हणजे चहा प्यावासा वाटतो. इंग्रजीत ‘लस्ट’ वासनेकडे झुकला, ‘लस्टी’ मात्र ‘दमदार, खणखणीत’ या जुन्या अर्थापाशी राहिला. बाळाचं ‘लस्टी’ रडणं म्हणजे जोरदार टाहो.

लेचरस, सलेशस, प्रुरिअंट, लायसेन्शस, वॉन्टन… यांत फरक काय?

प्रत्येकाच्या पोटात एक चित्र आहे. ते कळलं की गोंधळ होत नाही.

‘लेचरस’ हा माणसाचा शब्द, तोही बहुधा पुरुषाचा, आणि बहुधा वय झालेल्या. मूळ जुन्या फ्रेंचमधलं ‘चाटणे’. इंग्रजी ‘लिक’ त्याचाच भाऊ, आणि संस्कृत ‘लिह्’, ज्याच्यापासून आपले लेह्य आणि अवलेह झाले, तोही त्याच कुळातला. मराठीत ‘जिभल्या चाटत बघणं’ म्हणतात, तेच हे. शब्द आणि वाक्प्रचार इतके तंतोतंत क्वचितच जुळतात.

‘सलेशस’ माणसापेक्षा मजकुराबद्दल जास्त येतो: चघळली जाणारी भानगड, चटकदार तपशील. मूळ लॅटिन ‘उडी मारणे’, माजावर आलेल्या नराची उडी. वर्तमानपत्रात ‘सलेशस डिटेल्स’ दिसलं तर ‘चविष्ट तपशील’ म्हणू नका, ‘चघळण्याजोगे तपशील’ म्हणा. त्यात वाचकाच्या तोंडाला सुटलेलं पाणीही येतं आणि त्याबद्दलची नापसंतीही.

‘प्रुरिअंट’ म्हणजे खाज सुटलेला. अक्षरशः. डॉक्टर खाजेला ‘प्रुरायटस’ म्हणतात, मूळ एकच. दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात डोकावायची जी अनावर उत्सुकता असते, तिच्यासाठी हा शब्द. मराठीतही ‘त्याला भारी खाज’ असं आपण म्हणतोच.

‘लायसेन्शस’ म्हणजे स्वैराचारी. परवानगीच्या ‘लायसन्स’चंच बिघडलेलं पोर: स्वतःच स्वतःला सगळी परवानगी देऊन टाकलेला.

‘वॉन्टन’ माझ्या विशेष आवडीचा. ‘वॉन’ म्हणजे उणा, आणि पुढचा भाग ‘ओढून वळण लावलेला’. म्हणजे वळण न लागलेला! म्हणूनच तो लंपटपणापुरता राहत नाही. ‘वॉन्टन डिस्ट्रक्शन’ म्हणजे कारण नसताना केलेली नासधूस. शेक्सपिअरच्या लिअर राजाच्या शोकांतिकेत देवांना ‘वॉन्टन’ पोरांची उपमा दिली आहे, माश्यांना खेळ म्हणून मारणाऱ्या. तिथे लैंगिक काहीही नाही.

‘लिबिडिनस’ क्वचित भेटतो. लिबिडोचा, म्हणजे कामवासनेचा तो. त्याचा आणि आपल्या ‘लोभा’चा मूळ धातू एकच, आणि इंग्रजी ‘लव्ह’चाही.

‘ऑब्सीन’ आणि ‘लूड’ यांत जास्त कडक कोणता?

‘ऑब्सीन’. त्यात किळस आहे. शिवाय तो लैंगिकतेच्या बाहेरही जातो: कोणाची संपत्ती ‘ऑब्सीन’ असू शकते, लूड असू शकत नाही.

लॅटिनमध्ये त्याचा एक जुना अर्थ ‘अपशकुनी’ असा होता. आता मम्मटाचा काव्यप्रकाश आठवा. अकराव्या शतकातल्या त्या ग्रंथात अश्लील या काव्यदोषाचे तीन प्रकार सांगितले आहेत: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं. रोमन माणसाच्या एका शब्दात हे तिन्ही बसलेले होते. ‘अश्लील’ या शब्दाचं मूळही ‘श्री नसलेलं’ असंच आहे, म्हणून ‘ऑब्सीन’ला अश्लील हा फार नेमका प्रतिशब्द आहे. त्या मानाने ‘लूड’साठी तोच शब्द वापरावा लागतो ही आपली तडजोड.

कायद्यात हा शब्द कुठे येतो?

ब्रिटनच्या १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्यात, सार्वजनिक जागी मुद्दाम शरीर उघडं करण्याच्या गुन्ह्याच्या व्याख्येत ‘लूडली’ हे क्रियाविशेषण होतं. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या राज्यांच्या कायद्यांत ‘लूड’ आणि ‘लसिव्हिअस’ जोडीने येतात. एक शब्द देशी, एक लॅटिन, अर्थ जवळजवळ तोच. इंग्रजी कायद्याची ही जुनी खोड. आपण ‘धनदौलत’ म्हणतो, धन संस्कृत आणि दौलत अरबी, तसंच. अशा जोडीचं भाषांतर करताना दोन वेगळे गुन्हे आहेत असा भास होऊ देऊ नका.

भारतात भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये आणि २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ मध्ये अश्लीलतेची कसोटी सांगताना ‘लसिव्हिअस’ आणि ‘प्रुरिअंट इंटरेस्ट’ हे शब्द आले. दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. ‘प्रुरिअंट इंटरेस्ट’ हीच शब्दयोजना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या आणि १९७३ च्या गाजलेल्या निकालांत वापरली होती.

तक्रार इंग्रजीत लिहायची आहे. ‘लूड’ लिहू का?

लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. माझं या पानावरचं सगळ्यांत कळकळीचं सांगणं हे आहे.

तक्रार सांगायला आलेली बाई सहसा म्हणते, ‘तो घाण घाण बोलला.’ लिहून घेणारा त्याचं ‘लूड रिमार्क्स’ करतो आणि कागद पुढे जातो. आता वाचणाऱ्याला काय कळलं? काहीतरी असभ्य बोलणं झालं, बस्स. ‘लूड’ हा निष्कर्ष आहे, घटना नव्हे. आणि समोरचा सहज म्हणू शकतो, ‘मी तर गंमत केली.’ म्हणून तो नेमकं काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत, मराठीतच लिहा. खाली इंग्रजी अर्थ द्या. हाताने काय केलं, किती अंतरावरून, कोण कोण होतं, ते लिहा. मग हवं तर ‘लूड’ हे विशेषण लावा. बाईला ते शब्द तोंडाने उच्चारायला लाज वाटत असेल तर तिच्या हातात कागद द्या, तिलाच लिहू द्या. घाई करू नका.

व्याकरणाचं काही लक्षात ठेवायचं का?

फारसं नाही. तुलनेत लूडर, लूडेस्ट, क्रियाविशेषण लूडली, नाम लूडनेस. नेहमीचे सोबती म्हणजे रिमार्क, कमेंट, जेश्चर, जोक, कंडक्ट. माणसाला थेट लूड म्हणणं चुकीचं नाही, पण आज ते कमी आढळतं. माणसासाठी लेचरस जास्त स्वाभाविक.

मुलं हल्ली इंटरनेटवर ‘लूड्स’ म्हणतात, ते काय?

पूर्ण नग्न नसलेले, पण सूचक फोटो. विशेषणाचं नाम झालं आहे. जपानी अ‍ॅनिमेशनच्या चाहत्यांमध्ये तर ‘हे फारच लूड’ असं लटक्या धक्क्याने म्हणायची पद्धत आहे, आणि तिथे तो जवळजवळ आपल्या ‘चावट’पाशी येऊन पोचतो. औपचारिक लेखनात हा वापर चालणार नाही. पण शब्द पुन्हा सरकू लागला आहे, हे मात्र खरं.

‘लूड’ ही शिवी आहे का? वर्गात उच्चारावा का?

शिवी नाही. अश्लील गोष्टीचं नाव घेणारा हा सभ्य शब्द आहे; बातमीत, न्यायालयात, वर्गात बिनधास्त वापरता येतो. मी तर शिकवताना आधी मॅनिंगचं ते वाक्य फळ्यावर लिहिते आणि ‘लूड माणसांसाठी’ म्हणजे कोणासाठी, ते मुलांनाच ओळखायला सांगते. पहिली काही उत्तरं खुसखुशीत हसत येतात. मग कोणीतरी विचारतं, ‘बाई, शाळेत न गेलेल्यांसाठी का?’